हुकूम हवेतून, वीज तारेतून

भिंतीवरचं दिव्याचं बटण एकाच दाबात दोन कामं करतं. दिवा लावायचा की मालवायचा हा आपला हुकूम ते घेतं, आणि दिव्याकडे निघालेली वीजही त्याच्याच पोटातून पुढे जाते. ही दोन्ही कामं एकाच जागी व्हावीत असा निसर्गाचा काही नियम नाही. हुकूम पोचवायला तारेखेरीज घरात दुसरं साधन नव्हतं, म्हणून शंभराहून जास्त वर्षं ती एकमेकांना चिकटून राहिली. जुन्या घरातला सगळा त्रास इथूनच सुरू होतो. पलंगाच्या उशाशी एक बटण हवं असलं की भिंतीत खाच मारा, पाइप टाका, प्लास्टर करा, वाळू द्या, रंग काढा. बटणाची किंमत किरकोळ, पण घर आठवडाभर धुळीत.

आता हे दोन पदर सुटे झाले आहेत. वीज पूर्वीच्याच तारेतून जाते, हुकूम हवेतून येतो, आणि दोघांची गाठ पडते ती जुन्या बोर्डाच्या मागे लपवलेल्या एका चौकोनी डबीत. चार सेंटिमीटर लांब-रुंद, जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. भिंतीला हातोडा न लावता साठ वर्षांपूर्वीचं घर खिशातल्या फोनचं ऐकू लागतं. हे कसं घडतं याचा माग काढत गेलं की एकामागून एक थक्क करणाऱ्या गोष्टी हाती लागतात, आणि त्यांतली पहिली त्या जुन्या बोर्डातच असते.

पुण्यात पेठेतल्या माझ्या आत्याच्या घरी हे काम झालं तेव्हा मी वायरमनच्या शेजारी टॉर्च धरून उभा होतो. इमारत साठच्या दशकातली. भिंतीवर सागवानी पट्ट्या, त्यांवर पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेल्या वायरी, म्हणजे पट्टी फिटिंग. लाकडी बोर्ड, वर सनमायका, त्यावर काळी बॅकेलाइटची बटणं. मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री करून त्यांनी बोर्डाचे चार स्क्रू काढले आणि झाकण अलगद पुढे घेतलं. आत लाल वायर एका बटणावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलेली, ती फेज. प्रत्येक बटणातून एकेक वायर दिव्याकडे निघालेली. बटण चालू असेल तरच तिच्यात वीज, म्हणून वायरमन मंडळी तिला ‘हाफ वायर’ म्हणतात. आणि कोपऱ्यात, पाच अँपियरच्या सॉकेटकडे आलेली एक काळी वायर. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ही आहे म्हणून काम सोपं आहे, साहेब.”

ती काळी वायर म्हणजे न्यूट्रल. साध्या बटणाला तिची गरज नसते. बटण फक्त फेजची वाट जोडतं किंवा तोडतं. पण डबीतल्या चिपला अष्टौप्रहर जागं राहावं लागतं. दिवा मालवलेला असतानाही ती कान देऊन बसलेली असते, आणि त्यासाठी तिला थोडी वीज सतत लागते. विजेला जायला वाट हवी तशी परतायलाही हवी, आणि ती वाट न्यूट्रलच देते. अमेरिकेतल्या असंख्य जुन्या घरांत छतातल्या दिव्यापासून बटणापर्यंत फक्त फेजची जा-ये असायची, न्यूट्रल वरच राहायचा. त्या देशाच्या राष्ट्रीय वीज संहितेत बटणाच्या डबीपर्यंत न्यूट्रल आणण्याची अट आली ती २०११ साली. आपल्याकडे मात्र एकाच बोर्डावर चार बटणं आणि एक सॉकेट बसवायची पद्धत पहिल्यापासून पडली. रेडिओ लावायला, इस्त्री फिरवायला सॉकेट हवं, आणि सॉकेटला न्यूट्रल हवाच. कुणाही वायरमनच्या मनात नसताना पन्नास-साठ वर्षांपूर्वी आजच्या उपकरणांची सोय होऊन बसली. मला याचं मोठं अप्रूप वाटतं.

जिन्यातल्या एकट्या बटणापाशी किंवा पलंगाजवळच्या लोंबत्या बटणापाशी न्यूट्रल मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीच्या डब्या मिळतात. त्या आपली किंचितशी वीज दिव्यातूनच परत पाठवतात. पूर्वीच्या तारेच्या बल्बला त्या चिमूटभर विजेचा पत्ताही लागत नसे. एलईडी दिव्याच्या आत मात्र कपॅसिटर असतो. तो हळूहळू भरत जातो, भरला की दिवा क्षणभर लुकलुकतो आणि पुन्हा विझतो. रात्री अंधारात मधूनच चमकणारा दिवा पाहून घरातली माणसं दचकतात. इलाज साधा आहे: दिव्याच्या होल्डरपाशी एक छोटा बायपास कपॅसिटर जोडायचा, की ती वीज दिव्याला वळसा घालून जाते.

डबी उघडून पाहिली तर आत तीन गोष्टी दिसतात. २३० व्होल्टचं ३.३ व्होल्ट करणारा छोटासा सप्लाय, नखाएवढी चिप, आणि रिले. रिले हे यातलं सर्वांत जुनं बिऱ्हाड. अमेरिकेत प्रिन्स्टनला जोसेफ हेन्री हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १८३० च्या दशकात प्रयोगशाळेपासून आपल्या घरापर्यंत तार ओढून तिच्यातून खुणा पाठवत असत. लांबच्या तारेतून येणारी वीज क्षीण होते, तिच्याने जड काम होत नाही. हेन्रींनी त्या क्षीण विजेकडून एक विद्युतचुंबक चालवला आणि त्या चुंबकाकडून दुसऱ्या, दणकट मंडलाचा खटका हलवला. हुकूम देणारी वीज वेगळी आणि काम करणारी वीज वेगळी, ही फोड तेव्हाच झाली होती. आपल्या बोर्डामागे जो बारीकसा ‘टिक’ आवाज येतो तो त्याच युक्तीचा.

त्या ‘टिक’मध्येही कौशल्य आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे तिचा दाब सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो. मधल्या काळात तो चढून सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. नेमका त्या शिखरावर खटका जुळला तर एलईडी दिव्यांतले रिकामे कपॅसिटर एकदम वीज ओढतात, ठिणगी उडते, आणि रिलेचे संपर्कबिंदू दर वेळी थोडे जळतात. चांगल्या डबीतली चिप म्हणून दाब शून्यावर कधी येतो हे मोजत असते. रिलेची पट्टी हलायला पाच-दहा मिलिसेकंद लागतात, हेही तिला ठाऊक असतं. ती तेवढा वेळ आधी हुकूम सोडते, आणि पट्टी जुळते ती दाब शून्यापाशी असताना. माणसाच्या हाताला हे जन्मात साधणार नाही. जुन्या बटणाच्या आत खटखट ठिणग्या उडताना आपण सर्वांनी अंधारात पाहिल्या आहेत.

आता हुकमाकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे.

हुकूम येतो रेडिओलहरीतून. वायफाय असो वा घरगुती उपकरणांसाठी बनवलेली झिगबी ही पद्धत असो, अशा डब्यांचा बहुतेक कारभार २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाशही लहरच, त्याच जातीची, त्याच वेगाने जाणारी; फक्त तिची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. दिव्याला मिळणारा हुकूम आणि दिव्याने दिलेला उजेड ही दोन्ही एकाच गोष्टीची रूपं आहेत, लांबीत अडीच लाख पटींचा फरक एवढंच. हे समीकरणांतून प्रथम ओळखलं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात. मी हे शाळेत शिकलो होतो, पण आत्याच्या माजघरात उभं राहून बाहेरच्या खोलीतून दिवा लावला तेव्हा ते पहिल्यांदा अंगावर आलं. भिंतीने प्रकाश अडवला, प्रकाशाच्या भावंडाला वाट दिली.

का दिली? विटेचे, मातीचे, चुन्याचे कण प्रकाशलहरीच्या मानाने प्रचंड असतात. प्रकाश प्रत्येक कणावर आपटतो, विखुरतो, शोषला जातो, आणि काही मायक्रॉन ते मिलिमीटरभर आत जाईतो संपतो. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला ते कण जाणवतच नाहीत. तिच्या लेखी भिंत हा एकसंध, थोडा दाट पदार्थ. थोडी ताकद गमावून ती पार होते. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर हेच करून दाखवलं होतं. मिलिमीटरांत मोजाव्यात इतक्या आखूड रेडिओलहरी त्यांनी भिंतींपलीकडे पाठवल्या, तिथे घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूला बत्ती दिली. तारेवाचून, भिंतीआडून, दूरच्या वस्तूला हुकूम! बोर्डामागच्या डबीच्या वंशावळीत माझ्या मते बोसांचं नाव फार वर लागतं.

एका हुकमात असतं काय, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. झिगबीच्या बोलीत चालू-बंद कारभाराला ६ हा क्रमांक आहे. त्यात ० म्हणजे मालव, १ म्हणजे लाव, २ म्हणजे आहे त्याच्या उलट कर. पुढे-मागे पत्ता, अनुक्रमांक, सांकेतिक कुलूप असा लवाजमा जोडून जो संदेश होतो तो जास्तीत जास्त १२७ बाइटचा, आणि सेकंदाला अडीच लाख बिटच्या वेगाने तो सव्वाचार मिलिसेकंदांत हवेतून जातो. प्रत्येक चार बिटांसाठी ३२ खुणांची एक ठरलेली नक्षी पाठवली जाते, आणि अशा नक्ष्या आहेत फक्त सोळा. ऐकणारी चिप आलेल्या खुणा या सोळांशी ताडून बघते. काही खुणा गोंगाटात बिघडल्या तरी सर्वांत जवळची नक्षी कोणती हे तिला कळतं. मोडका-तोडका ऐकू आलेला शब्द आपण संदर्भाने ओळखतो, ती हिशेबाने ओळखते.

आणि ती ऐकते तरी किती बारीक! पाठवणारी डबी साधारण दहा मिलिवॅट ताकदीने बोलते. चांगली चिप एका पिकोवॅटच्या दहाव्या हिश्शाएवढा आवाजही पकडते. म्हणजे निघालेल्या ताकदीच्या दहा हजार कोटींतला एक भाग पोचला तरी हुकूम समजतो. भिंती, कपाटं, माणसं, फ्रीज या सगळ्यांनी आपापला वाटा खाल्ल्यावरही उरतं ते पुरतं.

पण एकाच घरात वीस डब्या एकाच पट्ट्यात बोलू लागल्या तर गोंधळ व्हायला हवा. तो होत नाही, कारण प्रत्येक डबी बोलण्याआधी ऐकते. हवा मोकळी नसेल तर गप्प बसते आणि मनाला येईल तेवढा, अगदी यदृच्छेने निवडलेला वेळ थांबते. हा वेळ सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागाच्या पटीत मोजतात. दोघी एकदम थांबल्या तरी दोघींचा थांबण्याचा वेळ बहुधा वेगळा निघतो, आणि कोंडी आपोआप फुटते. टक्कर झाल्यावर यदृच्छेने थांबायचं ही कल्पना हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांतले संगणक रेडिओने जोडताना, १९७१ साली, चालवून दाखवली होती. संदेश मिळाला की ऐकणारी डबी लगेच पोच देते. पोच आली नाही तर पाठवणारी पुन्हा पाठवते. तोच संदेश दोनदा पोचला तर अनुक्रमांकावरून ओळखून दुसरा टाकून दिला जातो. नाहीतर ‘उलट कर’ हा हुकूम दोनदा पाळला गेला असता आणि दिवा होता तसाच राहिला असता.

मोठ्या घराची अडचण निराळी. राउटर किंवा हब (झिगबीच्या डब्यांना फोनशी जोडणारं मधलं यंत्र) बाहेरच्या खोलीत, आणि मोरीचा दिवा पार मागे. तिथवर थेट आवाज पोचत नाही. झिगबीत कायम विजेवर चालणारी प्रत्येक डबी दुसऱ्यांचे संदेश पुढे ढकलते. चाळीत तिसऱ्या मजल्यावरचा निरोप गॅलरीतून गॅलरीत होत खालच्या दुकानापर्यंत पोचायचा, तसाच हा प्रवास. वाट कुणी आखून दिलेली नसते. पहिल्या वेळी विचारणा घरभर पसरते, जी वाट बरी सापडते ती लक्षात ठेवली जाते, आणि मधली एखादी डबी गेली तर नवी वाट शोधली जाते. म्हणून डब्या बसवताना हबपाशी सुरुवात करून मागे मागे सरकावं. दूरची डबी आधी बसवली तर तिला वाटेत कुणीच भेटत नाही आणि उपकरण खराब असल्याचा समज होतो.

वायफायवर चालणाऱ्या डब्या एकमेकींना अशी मदत करत नाहीत. प्रत्येकीला राउटरशी थेट बोलावं लागतं. दोन-चार दिव्यांना हे चालतं. घरभर तीस दिवे असतील तर मी झिगबीसारखी जाळी पसंत करीन. फक्त एक काळजी घ्यायची. हा पट्टा सर्वांना खुला आहे. अमेरिकेने १९८५ साली असे पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले, भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली खुला झाला, आणि आज त्यात वायफाय, ब्लूटूथ, झिगबी, वर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांची वर्दळ आहे. वायफाय बहुधा १, ६ किंवा ११ क्रमांकाच्या वाहिनीवर असतं. झिगबीच्या वाहिन्या ११ ते २६. त्यांतल्या १५, २०, २५, २६ या वायफायच्या फटींत बसतात. हबमध्ये वाहिनी निवडता येत असेल तर यांतली घ्यावी.

जुन्या घराच्या भिंतींचा स्वभाव मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. कोरडी माती, वीट, लाकूड या लहरींना फारशी आडकाठी करत नाहीत, जाडी बेताची असली तर. दगडी, हात-दीड हात जाडीची भिंत बरंच खाते. पाणी सर्वांत खादाड. पाण्याचा रेणू एका टोकाला किंचित धन, दुसऱ्या टोकाला किंचित ऋण असतो. लहर जाते तसा तो वळू पाहतो आणि लहरीची ऊर्जा खातो. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापतं ते याच कारणाने. (पाणी फक्त २.४५ गिगाहर्ट्झलाच प्रतिसाद देतं, हा समज चुकीचा आहे. ते विस्तृत पट्ट्यात ऊर्जा शोषतं.) कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरून ठेवतात. ओल्या भिंतीतून लहर कोरड्यापेक्षा क्षीण होऊन निघते, म्हणून तिथे उन्हाळ्यात जेमतेम चालणारी जोडणी आषाढात रुसू शकते. मध्ये एक डबी जास्त बसवलेली बरी.

धातूपुढे मात्र कुणाचंच चालत नाही. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन लहर आली की तिच्या तालावर हलतात आणि तिला मागे फेकतात. आरसीसीतल्या सळयांमधलं अंतर लहरीच्या लांबीएवढं किंवा जास्त असतं, तेव्हा बरीचशी लहर निसटते. पण जुन्या भिंतीचं प्लास्टर दुरुस्त करताना आत बारीक कोंबडीजाळी मारलेली असेल तर तिची भोकं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी जवळजवळ पत्र्यासारखी. आणि कन्सील्ड वायरिंगमधली लोखंडी बोर्डपेटी हा तर पिंजराच. डबी तिच्या आत खोल ढकलली की तिचा आवाज फक्त पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीतून बाहेर पडतो. इथे पुन्हा जुनी पट्टी फिटिंग सरस ठरते. लाकडी पेटी, सनमायका, बॅकेलाइट; तिन्ही लहरींना मोकळी वाट देणारी. वर लाकडी पेटी दोन-अडीच इंच खोल, म्हणजे डबी ऐसपैस बसते. साठ वर्षांपूर्वीचा जो बोर्ड आपण ओंगळ म्हणून काढून टाकायला निघतो तो रेडिओच्या दृष्टीने आजच्या पुष्कळ बोर्डांहून चांगला आहे.

आत्याची एकच अट होती. “फोनबिन तुम्ही वापरा रे, माझं बटण मला हवं.” ही अट शंभर टक्के रास्त आहे, आणि अशा कामाचा सगळा आराखडा तिच्याभोवतीच बेतावा. स्मार्ट बल्ब घेतले तर तिथेच फसगत होते. बल्ब आपला शहाणा, पण कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याची वीजच जाते. मग फोनही त्याला उठवू शकत नाही, आणि जाळीतला तो दुवाही तुटतो. डबी बटणामागे बसवली तर बटण शाबूत राहतं. त्याच्याकडून वीज वाहण्याचं ओझं काढून घेतलेलं असतं. त्याच्या दोन वायरी डबीच्या खुणेच्या टोकांना जोडतात, आणि बटण फक्त ‘मला कुणीतरी हलवलं’ एवढंच सांगतं. जिन्याची टू-वे जोडणी असेल तर वरचं आणि खालचं अशी दोन्ही बटणं आपापली खूण देऊ शकतात.

यातून एक छोटासा बदल मात्र अटळ आहे. आपल्याकडे बटण खाली म्हणजे दिवा चालू, हे हाताला पाठ असतं. डबी बसल्यावर बटणाची प्रत्येक हालचाल म्हणजे ‘आहे त्याच्या उलट’. फोनवरून दिवा मालवलेला असेल तर बटण खालीच राहतं आणि दिवा बंद. आत्या आठवडाभर बटणाकडे साशंक नजरेने बघत होती, मग तिने बटणाकडे बघणं सोडलं आणि दिव्याकडे बघू लागली. ज्यांना हे नको त्यांनी दाबलं की परत वर येणारी घंटेची बटणं बसवावीत.

जिथे वायरच नाही तिथे काय? उशाशी, देवघराच्या चौकटीवर, पुस्तकांच्या कपाटाच्या कडेला बटण हवं असेल तर? बॅटरीवरची बटणं मिळतातच. मला जास्त भुरळ घालतात ती बॅटरीशिवायची. म्युनिकजवळ २००१ साली सीमेन्समधून वेगळ्या झालेल्या एन्ओशन या कंपनीने ही जात नावारूपाला आणली. बटण दाबलं की आतला छोटा चुंबक वेटोळ्यापाशी झटकन पलटतो, आणि १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलेल्या नियमाने वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. किती? शे-दोनशे मायक्रोज्यूल. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या ऊर्जेवर सेकंदाचा चाळीस हजारावा भागही धड जळणार नाही. पण तेवढ्यात चिप जागी होते, हुकूम जुळवते, हवेत सोडते, खबरदारी म्हणून तोच आणखी दोनदा सोडते, आणि झोपी जाते. आपल्या बोटाच्या दाबाचीच ताकद हुकूम बनून भिंतीपलीकडे जाते. दुहेरी चिकटपट्टीने कुठेही लावा, ना वायर ना सेल.

इथवर आल्यावर काही गोष्टी रोखठोक सांगायला हव्यात. हुकमाची वाट कुठून जाते हे घेण्यापूर्वीच विचारा. काही स्वस्त डब्यांत फोनवरचा हुकूम आधी इंटरनेटवरून परदेशातल्या सर्व्हरला जातो आणि तिथून माघारी येतो. नेट गेलं की फोनचं बटण निर्जीव. हुकूम घरातल्या घरात फिरणारी व्यवस्था घ्यावी. २०१३ पासून विकसित होत असलेली होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली किंवा २०२२ साली आलेलं मॅटर हे मानक यांचा भर त्यावरच आहे. वीज जाऊन परत आल्यावर दिव्याने काय करायचं हेही डबीत ठरवून ठेवावं लागतं. नाहीतर रात्री दोनला सप्लाय येतो आणि घरभर लख्ख उजेड पडतो. आणि डब्या फुकट जागत नाहीत: प्रत्येकी अर्धा वॅट धरला तर वीस डब्यांचे वर्षाला साधारण ८८ युनिट होतात. सगळे दिवे आधीच एलईडी असतील तर केवळ वीजबचतीसाठी हे करण्यात अर्थ नाही. जिना चढता-उतरताना हात न शोधता दिवा लागणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपला दिवा आपण मालवता येणं, मोरीकडे जाताना पायापुरता मंद उजेड आपोआप पडणं, यांसाठी जरूर करावं.

सर्वांत महत्त्वाचं वायरिंगचं. जुन्या रबरी वायरीचं आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं आणि वाकवलं की तुकडे पडतात. साठ-सत्तरच्या दशकात तांब्याच्या टंचाईमुळे पुष्कळ घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या. त्या मऊ असतात, स्क्रूखाली सैल होतात, हवा लागून त्यांच्यावर वीज न वाहणारा थर चढतो आणि जोड तापतो. डब्यांची टोकं बहुधा तांब्यासाठी बनवलेली असतात, त्यांत अॅल्युमिनियम थेट खुपसू नये. आत्याच्या घरी स्वयंपाकघरातली वायर अशीच निघाली. तिथे आधी वायर बदलली, डबी नंतर बसली.

तेव्हा दुकानात जाण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा आणि ५०० व्होल्टचा मेगर लावून सगळ्या वायरिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजून घ्या. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर पैसे आधी वायरींवर खर्च करा. अर्थिंग तपासा, आरसीसीबी (वीज गळू लागली की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, बोर्डाला हात लावताना मेन बंद ठेवा. आणि सगळं झाल्यावरही जिन्यातला एक आणि स्वयंपाकघरातला एक, असे दोन दिवे साध्या बटणावरच राहू द्या, म्हणजे डब्या रुसल्या तरी अडणार नाही.